अर्थ लावताना

आमच्या धंद्यात अर्थ लावायला चिमटा लागतो. पितळेचा, दांडग्या स्प्रिंगचा, जबडा उघडून लोखंडाचा लचका धरणारा. वेल्डिंग मशीनमधून दोन जाड केबल निघतात. एक जाते वेल्डरच्या हातातल्या गनकडं, दुसरी या चिमट्याकडं. चिमटा जॉबला नीट डसला की फेरा पुरा होतो आणि वायरच्या टोकाशी आर्कचा उजेड पडतो. नाही डसला, तर कितीही भारी मशीन आणा, ते नुसतं घुमत बसतं.

मूळ शब्द इंग्रजी, जमिनीसाठीचा. पण सचिनच्या कारखान्यांत तो इंग्रजी म्हणून कुणी बोलत नाही. ‘अर्थ मारला का?’ ‘अर्थ सुटलाय.’ ‘अर्थ ढिला आहे, बघ जरा.’ बिहारचा पोरगा, ओडिशाचा फिटर, आमचा खानदेशी वेल्डर, सगळ्यांच्या तोंडी तोच उच्चार. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विशीत होतो. आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट पिशवीत होतं आणि शाळेतल्या बाईंचं ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ अजून कानात होतं. इथं संदर्भ तीस-पस्तीस मीटर लांबीचा आणि पन्नास चौरस मिलिमीटर जाडीचा असतो, हे कळायला पुढं काही वर्षं गेली.

‘मी सचिनला असतो’ हे वाक्य गावाकडं अजूनही सरळ गळी उतरत नाही. ऐकणारा आधी हसतो, मग क्रिकेटवर येतो. त्याला सांगावं लागतं, बाबा, सुरतेहून मुंबईकडं निघालं की उधना, मग भेस्तान, मग सचिन. स्टेशनाचं नाव आहे ते. तिथं जीआयडीसी आहे, कापड रंगवणारी प्रोसेस हाउसेस आहेत, लूम आहेत, केमिकल आहे आणि या सगळ्यांचे पत्रे, पाइप, टाक्या, जिने जोडणारे आमच्यासारखे फॅब्रिकेशनवाले आहेत. उधन्याहून तापी खोऱ्यातली लाइन फुटते ती बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला पोचते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेश उतरला तो याच लाइननं. सुरत महापालिकेच्या शाळा मराठी, उडिया, तेलुगू माध्यमांतही चालतात, यावरून इथं कुठून कुठून माणसं आली याचा अंदाज यावा. मी अमळनेरच्या बाजूचा. मी आलो तोही याच रुळांवरून.

त्या दिवशीचं काम एका शेडमध्ये होतं. पावसाळा तोंडावर आलेला, आणि यंत्रं बसायच्या आत लोखंडी प्लॅटफॉर्म उभा करून द्यायचा होता. मशीन खाली, भिंतीजवळच्या बोर्डापाशी. जॉब तिथून पस्तीसेक मीटर लांब, वर. सीओटू वेल्डिंगमध्ये होल्डर आणि रॉड नसतो. वायरचं रीळ असतं, आणि ती वायर गनच्या नळीतून सतत पुढं सरकत राहते. नळी तीन-चार मीटरची असते. त्याहून लांब केली तर बारीक वायर ढकलली जात नाही, मधेच दुमडते. म्हणून मशीन जिथल्या तिथं ठेवून फक्त वायर ढकलणारी पेटी उचलून कामापाशी न्यायची. तोच आमचा पोर्टेबल फीडर. प्रवासाच्या सुटकेसएवढा, वर मूठ, आत रीळ आणि दोन दातेरी रोलर, आणि अंगावर दोन छोटे आकडे: व्होल्ट आणि अँपिअर.

वर आबा होते. आबा हे त्यांचं नाव नाही. अख्ख्या शेडमध्ये त्यांना सगळे आबाच म्हणत. धुळे जिल्ह्यातले, सातवीपर्यंत शिकलेले, आणि काच डोळ्यांवर घेतली की जगातलं दुसरं काही न दिसणारे. खाली मी, मशीनपाशी. आबांनी वरून हाक मारली.

‘करंट नही शे रे भाऊ.’

वेल्डर माणूस सगळ्या दुखण्यांना ‘करंट’ म्हणतो, तसं हे होतं. मी मशीनचा आकडा पाहिला आणि ओरडून सांगितलं, ‘सत्तावीस दाखवतंय, आबा! भरपूर आहे.’

वरून उत्तर आलं, ‘आठे एकवीस शे.’

मी शिडी चढून वर गेलो. आबांनी ट्रिगर दाबला. अँपिअर १८० आणि व्होल्ट २१.२. पुन्हा खाली आलो, त्यांना चालू ठेवायला सांगितलं. मशीनवर अँपिअर तेच १८० आणि व्होल्ट २७.०. एकाच वेळी, एकाच वाटेवरून धावणाऱ्या एकाच प्रवाहाचे दोन आकडे, मध्ये ५.८ चा खड्डा. आबा शिडीवरून वाकून म्हणाले, ‘आठे एक, तठे एक. खरं कोणतं शे?’

मीटर खराब आहे, हे पहिलं उत्तर तोंडावर आलं होतं. सोपं उत्तर तेच असतं. दोन आकडे जुळत नसले की त्यातला एक खोटा ठरवून माणूस मोकळा होतो. पण दोन्ही खरे होते. चूक माझ्या प्रश्नात होती. ‘व्होल्ट किती?’ हा प्रश्नच अर्धा आहे. पुरा प्रश्न असा: कुठून कुठपर्यंत किती?

अँपिअरचं तसं नाही. एकाच फेऱ्यातला प्रवाह कुठंही मोजा, तेवढाच भरतो. पाटाच्या पाण्यासारखा, गळती नसेल तर जितका गेला तितकाच पुढं पोचणार. व्होल्ट मात्र कधी एका जागेचा नसतो. तो दोन जागांमधला फरक असतो. अमुक शिखर किती उंच, असं विचारलं तर समुद्रसपाटीपासून की पायथ्याच्या गावापासून, हे आधी ठरवावं लागतं, तसंच. मल्टिमीटरला म्हणून दोन शिंगं असतात, लाल आणि काळं. लाल टोक आपण हौसेनं टेकवतो, कारण तिथं काय आहे ते बघायचं असतं. काळं टोक कुठं टेकवलं, याकडं मात्र फारसं कुणी बघत नाही, आणि आकड्याचं निम्मं नशीब तिथं ठरलेलं असतं. व्होल्ट ज्याच्या नावावरून आला त्या व्होल्टानं १८०० साली पहिली विजेची चळत जगापुढं मांडली, तीसुद्धा दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्या जोडीजोडीनं लावून. एकट्या धातूचं तिथं काही चाललं नसतं.

मशीनचा मीटर स्वतःच्या दोन दांड्यांमधला फरक दाखवतो. त्यात जाणारी केबल आली, गन आली, आर्क आली आणि परत येणारी केबलही आली. आमच्या फीडरच्या पेटीतून एक बारीक वायर निघते, तिच्या टोकाला छोटी क्लिप असते, ती थेट जॉबला लावायची असते. फीडरचा मीटर पेटीपासून त्या क्लिपपर्यंतचा फरक सांगतो. वाटेतल्या दोन्ही केबल त्यानं गाळलेल्या असतात. म्हणजे खालचा मीटर सांगत होता, किती पाठवले. वरचा सांगत होता, किती पोचले. ५.८ हा वाटखर्च होता.

वाटखर्च किती असावा याचा हिशोब अवघड नाही. तांब्याची केबल, पन्नास चौरस मिलिमीटरची, पस्तीस मीटर लांब. तांब्याचा विरोध एका चौरस मिलिमीटरला, दर मीटरमागं ०.०१७२ ओहम. गुणिले पस्तीस, भागिले पन्नास, की सुमारे ०.०१२ ओहम. त्यातून १८० अँपिअर गेले की २.२ व्होल्ट वाटेत खर्च. हे कुणाला चुकत नाही, केबल लांब तर खर्च जास्त. ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते म्हणून घेतली, तर तेवढ्याच जाडीला खर्च दीडपटीच्या वर जातो. पण आमची जाणारी केबल तांब्याचीच होती, मालकानं नवी घेतलेली, तिचे लग नीट दाबलेले. तिनं २.२ खाल्ले, मान्य. उरलेले ३.६ कुणी खाल्ले?

एकच जागा उरत होती. परतीची.

मी मल्टिमीटर डीसीवर लावला. काळं टोक मशीनच्या परतीच्या दांडीवर, लाल टोकाला लांब वायर जोडून जॉबच्या लोखंडावर. आबांना म्हटलं, चालवा. आर्क पेटली आणि आकडा चढला: ३.६. या दोन टोकांमध्ये खरं तर फारसं काही नसायला हवं. परतीची वाट म्हणजे उतारावरचं पाणी, आपोआप येईल, असं आपण धरून चालतो. नव्या केबलचा तुकडा परतीला पुरला नव्हता. म्हणून कुणीतरी जुनी पंधरा मीटरची केबल लावून तिचा चिमटा जवळच्या खांबाला मारला होता, आणि पुढचं काम खांब, बोल्ट, बीम यांच्यावर सोडलं होतं. लोखंडच आहे सगळं, जाईल की करंट. गेलाही. पण लोखंडाचा विरोध तांब्याच्या आठ-दहा पट, बोल्टच्या जोडात रेड ऑक्साइडचा थर, आणि चिमटा ज्या खांबाला धरला होता तिथंही रंगाचा कोट शाबूत. जबड्याचे दोन-चार दात रंग फोडून आत गेले होते, तेवढ्यावर १८० अँपिअर लटकले होते.

मी चिमट्याजवळ हात नेला आणि मागं घेतला. ३.६ गुणिले १८० म्हणजे जवळजवळ ६५० वॉट. घरातली लहान इस्त्री तापायला एवढंच लागतं. आम्ही तासन् तास एक इस्त्री खांबाला आणि बोल्टांना टेकवून ठेवली होती, आणि वर आबा ‘करंट नाही’ म्हणत होते.

आबा खाली उतरले. काही बोलले नाहीत. ग्राइंडर घेतला, बीमच्या टोकाशी, जॉबच्या अगदी जवळ, तळहाताएवढी जागा घासली. रंगाखालून गंज आला, गंजाखालून पांढरं लोखंड. वायर ब्रश मारला. दुसऱ्या शेडमधून जाणाऱ्या केबलहून कितीतरी जाड, चांगली केबल मागवली, चिमटा त्या पांढऱ्या जागेवर लावला, एकदा हलवून पाहिला. मग मला म्हणाले, ‘आता पहा.’ परतीच्या वाटेवर ०.७. फीडरवर २४.१. मशीनला हात न लावता वरचे व्होल्ट जवळजवळ तीननं वाढले होते.

या तीन व्होल्टांनी काय होतं, असं कुणी विचारलं तर मी त्याला कानानं ऐकायला सांगतो. सीओटू वेल्डिंगमध्ये अँपिअर प्रामुख्यानं वायरच्या वेगानं ठरतात आणि आर्कची लांबी व्होल्टनं. या जातीच्या मशीनसाठी मानकांत धरलेला अंदाजी हिशोब सोपा आहे: १४, अधिक अँपिअरचा विसावा भाग. १८० ला २३. आम्हाला मिळत होते २१. दोन व्होल्ट कमी म्हणजे आर्क आखूड. वायर वितळायच्या आत जॉबला जाऊन ठोकते, धक्का देते, गोळे उडतात, आणि बीड, म्हणजे जोडाची रेघ, पसरायच्या ऐवजी दोरी ठेवल्यासारखी उंच बसते. वरून भरलेली दिसते, आत धरलेली नसते. बरोबर व्होल्टला वायर दर सेकंदाला कितीतरी वेळा टेकते आणि सुटते, आणि त्याचा एकसंध तडतडाट होतो, गरम तेलात मोहरी टाकल्यासारखा. आबा त्या आवाजाला ‘गातंय’ म्हणायचे. चिमटा हलवल्यानंतर आवाज जमला, पण जरा भसाडा. २४ थोडे जास्त होते. आबांनी मशीन एकनं उतरवलं. खाली २६, वर २३. गायला लागलं.

म्हणजे पेटीवरचा आकडाही शेवटचा नव्हेच. पेटीपुढं गनची केबल आहे, तांब्याची टिप आहे, टिपेबाहेर डोकावणारी लालबुंद वायर आहे. तिथंही थोडं थोडं जातंच. आर्कच्या पोटात टोक खुपसून कुणी आकडा घेत नाही. कामाच्या जितकं जवळ मोजाल तितका आकडा खरा, आणि सगळ्यात शेवटी कान. आबा सातवी शिकलेले, पण त्यांचा कान फीडरच्या पुढं होता.

फीडरचे आकडे वाचायची आणखी एक गोम आहे, ती नव्या पोरांना हमखास फसवते. ट्रिगर दाबण्याआधी पुष्कळ पेट्यांवर जो आकडा दिसतो तो मिळालेला नसतो, मागितलेला असतो. बटणानं २३ लावलं, की २३ दिसतं. काम सुरू झालं की तोच डबा गुपचूप खरा आकडा दाखवायला लागतो, आणि काम थांबलं की काही सेकंद शेवटचा खरा आकडा धरून ठेवतो, मग पुन्हा मागणीवर येतो. पोरगा गन खाली ठेवतो, काच वर करतो, चहा मागवतो, मग पेटीकडं बघतो आणि सांगतो, ‘साहेब, तेवीस बरोबर आहे.’ मागितले तेवीस, हे बरोबरच आहे. मशीनचं याहून मजेशीर. ते चालू आहे पण आर्क नाही, अशा वेळी त्याच्या दांड्यांवर पन्नास-साठ व्होल्टसुद्धा असतात. ओझं नाही, देणंघेणं नाही, तेव्हा सगळ्यात मोठा आकडा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा. काम अंगावर पडलं की तोच निम्म्यावर येतो. मी पाहुण्यारावळ्यांत बसलो आणि कुणी आपल्या ऐपतीचं सांगायला लागलं, की मला हटकून प्रश्न पडतो, हा आकडा लोडवरचा की बिनलोडचा?

ही अर्थ नावाची गोष्ट दोन प्रकारची असते, आणि त्या दोघींचा अर्थाअर्थी काही संबंध नाही, हेही सांगायला हवं. मशीनचं अंग जमिनीशी जोडणारी हिरवी वायर, ती जिवासाठी. बिघाड झाला तर विजेनं माणसाऐवजी तिच्यातून जावं म्हणून. आणि चिमट्याची जाड केबल, ती कामासाठी. वेल्डिंगचा प्रवाह परत यावा म्हणून. दोघींना आम्ही एकच नाव दिलं आणि अर्थाचा अनर्थ करून ठेवला. चिमटा नीट नसला की प्रवाह रुसून घरी बसत नाही. तो दुसरी वाट शोधतो. मोटरच्या बेअरिंगमधून गेला, तर बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पाडून जातो. क्रेनच्या वायर रोपमधून गेला, तर रोपच्या तारा जाळून जातो. त्या जिवाच्या हिरव्या वायरीतून गेला, तर तीच वितळून जाते, आणि पुढं कधीतरी जीव वाचवायच्या वेळी ती जागेवर नसते. परत यायची सरळ वाट दिली नाही, तर येणारा येतोच, पण घर पाडून येतो.

त्या दिवसानंतर मी कुठल्याही साइटवर गेलो की आधी परतीची केबल बघतो, आणि जवळजवळ दर वेळी तेच दिसतं. जाणारी केबल जपलेली असते. रस्त्यावरून न्यायची तर वर फळी टाकलेली, तुटली तर टेप मारलेला. परतीला वाट्टेल ते: सळई, जुना अँगल, साखळी, खांब. जाण्याची तयारी सगळे करतात. परत यायचं ते कसंही येता येईल, असं प्रत्येकाला वाटतं.

आणि मग मला वाटतं, हे फक्त वेल्डरांचं नाही. आम्हा सगळ्या सचिनवाल्यांचंच आहे. घरातून निघताना केवढी तयारी होती! भाकरी, लोणचं, कुणाचा तरी पत्ता, आधी आलेल्या मामाच्या खोलीत भिंतीकडची जागा, अंथरुणाची वळकटी. परतीची कुणी काय तयारी केली होती? ती आपोआप होणार होती. चार पैसे साठले की. पोरीचं लग्न झालं की. मग शेतात वाटणी झाली, घराच्या दोन खोल्या पडल्या, आई-बाप गेले, आणि परतीची वाट नातेवाइकांच्या बोल्ट-खांबांवरून कशीबशी चालत राहिली. चालत राहिली, हे खरं. पण कुठं तापत होती, ते कुणी हात लावून पाहिलं नाही.

सचिनचं संस्थानच मुळी परत न गेलेल्या एका माणसाचं. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या गादीचा एक वारस, अब्दुल करीम, बाळू मियाँ म्हणून ओळखला जाणारा, गादीच्या भांडणात बाहेर फेकला गेला. १७९१ साली त्यानं जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळचा हा मुलूख घेतला. त्याच्या वंशजांनी इथं नवाबी केली, थेट १९४८ पर्यंत. पेशव्यांच्या हाती मात्र जंजिरा आलाच नाही. समुद्रातला किल्ला जिथल्या तिथं, दुसऱ्या सिद्दींकडं राहिला. मराठी माणसाला या व्यवहाराचं वाईट वाटतं, पण मला त्यात माझं मशीन दिसतं. पेशव्यांच्या दप्तरात जंजिऱ्याचा हक्क होता, मोठा, ठसठशीत, बिनलोडचा. चिमटा मात्र लोखंडाला कधी लागलाच नाही. आणि बाळू मियाँनं दुरून दिसणारा तो सगळा आकडा देऊन टाकून एवढासा मुलूख पत्करला, पण त्यावर काम चाललं.

मल्टिमीटरचं काळं टोक मी अजून गावाला लावून ठेवलेलं आहे, हे मला फार उशिरा उमगलं. इथली खोली मोठी की लहान, इथली मिरची तिखट की फिक्की, इथला पाऊस जास्त की कमी, सगळं मोजलं जातं ते अमळनेरच्या मानानं. मुलाचं तसं नाही. तो इथं जन्मला. त्याचं शून्य सचिन. त्याला इथला पाऊस जास्त वाटत नाही, तो त्याला पाऊस वाटतो. एकाच खिडकीत उभे राहून आम्ही बापलेक दोन वेगळे आकडे वाचत असतो. दोघांचे मीटर चांगले आहेत.

गेल्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याला घेऊन गावी गेलो. खानदेशात अखाजी म्हणजे दिवाळीइतकीच मोठी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. परतीचा सण आहे तो. जिवंत आणि गेलेले, दोन्ही घरी येतात. उधन्याला गाडीत बसायला जागा नव्हती. नवापूरला पोरगा खाली उतरला. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत; फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध हद्द गेली आहे आणि दोन्हीकडं दोन राज्यांची नावं रंगवली आहेत. त्यानं त्या बाकावर हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून फोटो काढून घेतला. मी विचारलं, ‘कुठं काही फरक जाणवतो का?’ तो म्हणाला, ‘नाही. एकाच बाकावर काय जाणवणार?’ बरोबर आहे. दोन्ही टोकं एकाच जागी टेकवली, की मीटर शून्यच दाखवतो.

गावात पोचलो तेव्हा चुलतकाका ओसरीत खाटेवर बसले होते. मला पाहून त्यांनी डोळे बारीक केले, ओळखलं, आणि एका दमात दोन प्रश्न टाकले.

‘कव्हय उना? कव्हय जाशी?’

बाहेर गावी राहणाऱ्या प्रत्येकाला हे दोन प्रश्न जोडीनंच भेटतात. एरवी मला ते लागायचे. आलो नाही तोच जायचं विचारतात. या वेळी वाटलं, काका दोन्ही शिंगं लावून मोजतायत, दुसरं काही नाही. कुठून कुठपर्यंत, एवढंच त्यांना कळायला हवं आहे.

मी उत्तर दिलं, आणि माझं मलाच ऐकू आलं, की ते अहिराणीत मराठीतून वळून येतंय. शब्द बरोबर, पण मध्ये रंगाचा कोट. काका बोलत होते, मी अडखळत होतो, थोड्या वेळानं चहा आला, कुणाच्या लग्नाचं निघालं, कुणाच्या विहिरीचं निघालं, मी कुणाला तरी हसून काही म्हणालो आणि कळलं, की मघापासून मी शब्द शोधत नाहीये. पोरगा माझ्याकडं बघत होता. हळूच म्हणाला, ‘पप्पा, तुमचा आवाज बदलला.’

तो खांबाला टेकून उभाच होता, फोन हातात. त्याला ही भाषा समजते, बोलता येत नाही. काकांनी त्याच्याकडं पाहिलं, काही विचारलं नाही. खाटेवर थोडे सरकले, मध्ये जागा केली आणि तळहातानं गोधडी थोपटली.

‘बस ना भाऊ.’

तो बसला. अगदी कडेवर, टॅक मारल्यासारखा. वेल्डिंगमध्ये टॅक म्हणजे दोन तुकडे जागेवर धरून ठेवणारा एक ठिपका. जोड त्यानं होत नाही. पण पुढचा सगळा रन जातो तो तिथूनच.